पॉइन्सेटिया घरी वाढवून विकायचाय? आधी अंधाराचं गणित समजून घ्या

नाताळच्या आधी नर्सरीत लाल पानांच्या कुंड्या ओळीने मांडलेल्या दिसतात ना, तोच पॉइन्सेटिया. झुडूप मूळचं मेक्सिकोचं, पण आपल्याकडेही छान वाढतं. घरच्या गच्चीवर करता येईल असा हा सीझनचा धंदा आहे. फक्त एक गोष्ट चुकली की सगळा सीझन हातचा जातो.

माझाच अनुभव सांगते. पहिल्या वर्षी ३० कुंड्या गॅलरीत ठेवल्या. पाणी, खत सगळं वेळेवर. २० कुंड्यांची ऑर्डरही घेतली. २० डिसेंबर उजाडला, तरी झाडं हिरवीगार! सगळा ॲडव्हान्स परत करावा लागला. कारण काय? गॅलरीतला बल्ब रोज रात्री अकरापर्यंत चालू असायचा.

रंग येतो कसा?

आपण ज्याला लाल फूल म्हणतो ती खरं तर रंगलेली पानं असतात. खरी फुलं मधोमध, बारीक पिवळी. रात्र मोठी झाली की हे झाड फुलायच्या तयारीला लागतं. त्याला रोज सलग साधारण १४ तास अंधार लागतो, तोही ८ ते १० आठवडे. मध्येच दिवा लागला की झाडाच्या हिशेबात ती रात्र मोडली.

वर्षाचं वेळापत्रक

• फेब्रुवारी-मार्च: जुनं झाड असेल तर बहर संपल्यावर छाटणी करा.
• जून-जुलै: ४ ते ६ इंचांच्या फांद्या कापून लावा. कापल्यावर पांढरा चीक येतो, त्याने अंगाला खाज सुटू शकते. हातमोजे घाला आणि चीक पाण्याने धुऊन मगच फांदी लावा. कुंडीत पाणी साचू देऊ नका.
• ऑगस्टअखेर: शेंडे खुडा, म्हणजे फांद्या फुटून कुंडी भरगच्च दिसते. यानंतर खुडणं बंद.
• ऑक्टोबरचा पहिला आठवडा: संध्याकाळी ५ ते सकाळी ७ खोक्याने किंवा जाड काळ्या कापडाने झाका. दिवसा मात्र भरपूर ऊन द्या. रंग पूर्ण भरेपर्यंत एकही दिवस चुकवू नका.

आता पैशाचं बोलू

समजा, ५० कुंड्या केल्या आणि प्रत्येकीला ४० रुपये खर्च आला. एकूण २,००० रुपये. त्यातल्या ३५च विकण्याजोग्या झाल्या, तर एका कुंडीचा खरा खर्च ४० नाही, साधारण ५७ रुपये पडतो. मेलेल्या झाडांचा खर्च जगलेल्या झाडांनीच भरून काढायचा असतो. तुमची मजुरी आणि रिक्षाभाडं यावर वेगळं. हे सगळं धरूनच भाव ठरवा.

आणि ऑर्डर? वरच्या पानांवर लाली दिसल्याशिवाय ॲडव्हान्स घेऊ नका. नाताळ झाला की मागणी ओसरते, म्हणून पहिल्या वर्षी १०-१५ कुंड्याच करा.

आज रात्री एक काम करा. दिवे लागल्यावर गच्चीवर जा आणि कुठला कोपरा खरोखर काळोखा आहे ते बघा. तुमच्या धंद्याची जागा तीच!