माहेरी परतलेल्या लेकीला फिरायला जाऊ द्या

‘नवऱ्याने मारलं आणि पावसानं झोडपलं, तर दाद कुणाकडे मागायची?’ ही म्हण आपल्या घरातली आजी सांगते. शेजारची अज्जी कन्नडमध्ये म्हणते, ‘गंड हेंडिर जगळ उंडु मलगो तनक’, म्हणजे नवराबायकोचं भांडण जेवून झोपेपर्यंतच. भाषा दोन, सल्ला एकच: सोसून घे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत नवऱ्याकडून शारीरिक वा लैंगिक अत्याचार सोसल्याचे कर्नाटकातल्या सुमारे ४४ टक्के विवाहित स्त्रियांनी सांगितले. मध्य प्रदेशात हे प्रमाण २८ टक्के, तर महाराष्ट्रात २५ टक्के होते.

दाद मागायची जागा कशी असावी, हे भोपाळने दाखवले. जून २०१४ मध्ये तिथल्या जयप्रकाश जिल्हा रुग्णालयात ‘गौरवी’ केंद्र सुरू झाले. उद्घाटनाला आमिर खान आला होता. औषधोपचार, पोलिसांची मदत, कायद्याचा सल्ला आणि समुपदेशन एका छताखाली मिळावे, मार खाल्लेल्या बाईला चार दारे ठोठवावी लागू नयेत, ही त्यामागची कल्पना. पुढच्याच वर्षी केंद्र सरकारची ‘सखी’ योजना आली आणि देशभर अशी केंद्रे निघाली.

पण टाके निघाले, अर्ज दाखल झाला, त्यानंतर काय? बाई माहेरी (आपल्याकडे तवरमनीला म्हणू) येते आणि शरीर मात्र अजून त्या घरातच असते. कडी वाजली की छातीत धडधडते, खांदे आखडतात, झोप लागत नाही. वर्षानुवर्षे सावध राहण्याची सवय लागलेले शरीर समजावून सांगितल्याने ऐकत नाही. त्याला हालचालीतूनच कळावे लागते, की आता धोका नाही.

अमेरिकेत बेसेल व्हॅन डर कोल्क या मनोविकारतज्ज्ञाने २०१४ साली ६४ स्त्रियांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध केला. जुन्या आघातातून इतर उपचारांनीही न सावरलेल्या या स्त्रिया. दहा आठवडे योग केलेल्यांपैकी निम्म्याहून थोड्या अधिक जणी त्या विकाराच्या निकषांतून बाहेर आल्या. केवळ आरोग्यविषयक वर्गाला बसलेल्यांत हे प्रमाण पाचात एक होते. अभ्यास लहान आहे, आणि योगाने इतर उपचारांची जागा घेतली नव्हती. मला त्यातली शिकवण्याची रीत अधिक महत्त्वाची वाटते. अशा वर्गात शिक्षिका अंगाला हात लावून आसन सुधारत नाही. ‘वाटलं तर हात वर घ्या, नको असेल तर राहू द्या,’ असे म्हणते. ज्या बाईला वर्षानुवर्षे हुकूमच मिळाले, तिच्यासाठी हे केवढे आहे! आपल्या शिबिरांतले शिट्टी फुंकणारे गुरुजी इथे उपयोगाचे नाहीत.

‘घरात काय कमी काम असतं का, तोच व्यायाम,’ असे कुणीतरी म्हणेलच. धुणी-भांड्यांनी अंग दमते खरे, पण ते काम दुसऱ्याच्या घड्याळावर चालते. परतलेल्या लेकीच्या हाती आपण पहिल्या दिवशी झाडू देतो आणि ‘लोक काय म्हणतील’ म्हणून तिला उंबऱ्याआत ठेवतो. त्याऐवजी सकाळचा अर्धा तास तिचा म्हणून सोडावा. किती चालायचे, कुठे वळायचे, कधी थांबायचे, ते तिने ठरवावे. सुरुवात दहा मिनिटांनीही चालेल, कारण धाप लागली की काहींना जुनी भीतीच आठवते. डोक्याला मार बसला असेल किंवा गळा दाबला गेला असेल, तर मात्र आधी डॉक्टर.

नवरा वाटेत गाठेल अशी धास्ती असेल, तर रोजची वेळ आणि रस्ता बदलावा. वहिनी किंवा मैत्रिणीने सोबत जावे; तेही जमत नसेल तर गच्ची आहेच. आणि १८१ हा महिला मदतवाणीचा क्रमांक तिला पाठ असू द्यावा.