अंतर राखून

पहाटे 5

दूधवाला पावणेसहाला येतो, वॉचमनची पाळी सहाला बदलते आणि फिरायला निघणारी ज्येष्ठ मंडळी त्याच सुमारास जिना उतरतात. आमच्या कुत्र्याची, भुऱ्याची, मोठी फेरी त्याआधी उरकायची असते. अंगाला हार्नेस, गळ्यात पट्टा आणि दोन्हीत अडकवलेली एकच दोरी. घाबरलेला कुत्रा मागे मागे सरकतो आणि मान बारीक करून पट्ट्यातून निसटतो. तसं झालं तरी हार्नेस त्याला धरून ठेवतो. दोरी सहा फुटांची. लांब-आखूड होणारी चक्रीची दोरी मी घेत नाही. ज्याला माणसांपासून लांब ठेवायचं आहे, त्याला पंधरा फूट मोकळे देण्यात अर्थ नाही.

तोंडाला जाळीचं मुसकं. ते पाहून लोक हळहळतात, "बिचाऱ्याचं तोंड का बांधलंय?" पण जाळीच्या मुसक्यात कुत्रा तोंड उघडू शकतो, धापा टाकू शकतो, पाणी पिऊ शकतो, खाऊही घेऊ शकतो. कापडी नळीसारखी मुसकी तोंड मिटून धरतात. कुत्र्याचं अंग मुख्यतः धापा टाकूनच थंड होतं, त्यामुळे पुण्याच्या उन्हाळ्यात तसली मुसकी फिरायला जाताना घालणं धोक्याचं. हे मुसकं त्याच्या अंगवळणी पडायला बरेच आठवडे लागले. आधी आतून दही लावायचं, त्याने आपणहून तोंड घालायचं, एवढंच. पट्टा आवळण्याची पाळी फार नंतर आली.

लिफ्ट आम्ही वापरत नाही. लिफ्टचं दार उघडल्यावर पुढ्यात कोण उभं असेल ते कळत नाही, आणि मागे जायला जागा नसते. तिसऱ्या मजल्यावरून जिन्याने उतरताना प्रत्येक वळणावर थांबून कानोसा घेते. पावलं ऐकू आली की "चल मागे" म्हणायचं. हे शब्द त्याला घरातच, काही धोका नसताना, खाऊ देऊन शिकवले आहेत. त्यामुळे तो ते ऐकून आनंदाने वळतो, त्याला ओढावं लागत नाही. ओढाताण झाली की दोरीतून माझी धास्ती थेट त्याच्यापर्यंत पोचते.

सकाळी 7.30

घराचा सगळ्यात अवघड तास. पेपर, कचरा न्यायला येणाऱ्या ताई, शेजारच्या मुलांची शाळेची धावपळ. दारावरची बेल आम्ही काढून टाकली आहे. तिथे पाटी आहे: "कृपया दार वाजवू नका, फोन करा. घरातला कुत्रा घाबरतो आणि चावतो." माझा नवरा सुहास याचं म्हणणं होतं की "कुत्र्यापासून सावध" पुरेसं आहे. मला दोन्ही क्रियापदं हवी होती. नुसतं "चावतो" वाचलं की लोक त्याला रागीट समजतात. नुसतं "घाबरतो" वाचलं की कुणीतरी प्रेमाने हात पुढे करतं, आणि ते जास्त धोक्याचं आहे.

बाहेरचं दार उघडण्याआधी भुऱ्या आतल्या खोलीत, खोलीला कडी, शिवाय पॅसेजमध्ये लहान मुलांसाठी मिळतं तसं लोखंडी फाटक. परका माणूस आणि कुत्रा यांच्यामध्ये नेहमी दोन अडथळे हवेत. एक कडी कुणीतरी विसरतंच. माझ्या सासूबाई, आई, ऐंशीच्या घरात आहेत. घाईत त्यांनी खोलीचं दार उघडलं तरी फाटक बंद असतं.

सकाळी 9

मावशी कामाला येतात. कुत्र्याशी कसं वागावं हे आमच्याकडे येणाऱ्यांत सगळ्यात आधी मावशींना उमगलं. त्या त्याच्याकडे बघत नाहीत, बोलत नाहीत, वाकत नाहीत. फाटकापाशी पोळीचा तुकडा टाकतात आणि भांड्यांकडे वळतात. "त्याला त्याचं राहू दे, मला माझं काम करू दे," एवढंच म्हणतात. याउलट, "अहो, मला काही करत नाहीत कुत्री, ती मला ओळखतात," असं म्हणणारे पाहुणे आले की मी फाटकाची कडी पुन्हा तपासते. समोरून सरळ चालत येणं, डोळ्यांत बघणं, वरून वाकून डोक्यावर हात ठेवणं: आपल्या लेखी हा जिव्हाळा, घाबरट कुत्र्याच्या लेखी ही चाल करून येण्याची तयारी.

सकाळी 11

औषधाची वेळ. डॉक्टरांनी सुरू केलेली फ्लुओक्झेटिनची गोळी लोण्यातून जाते. हे माणसांना देतात तेच औषध. कुत्र्यांच्या एकटेपणाच्या चिंतेसाठी अमेरिकेत त्याला 2007 साली मान्यता मिळाली. परिणाम दिसायला काही आठवडे जातात, आणि मात्रा फक्त प्राण्यांच्या डॉक्टरांनी ठरवायची, आपल्या कपाटातली गोळी द्यायची नाही. गोळीने भुऱ्या सुस्त झालेला नाही. पूर्वी माणूस दिसताच तो खाणं नाकारायचा; आता तेवढ्याच अंतरावर खाऊ घेतो, म्हणजेच शिकू शकतो. गोळीआधी डॉक्टरांनी रक्त तपासलं, कंबर आणि सांधे दाबून पाहिले, दात बघितले. दुखणारा कुत्रा लवकर चावतो, त्यामुळे ही तपासणी आधी हवी.

भुऱ्या असा का, याचं एकच उत्तर नाही. अमेरिकेतल्या मेन राज्यात बार हार्बर इथे स्कॉट आणि फुलर या दोघांनी पिल्लांचा वर्षानुवर्षं अभ्यास केला, त्याचं पुस्तक 1965 मध्ये आलं. साधारण तिसऱ्या ते बाराव्या आठवड्यात पिल्लू ज्यांना भेटतं, त्यांना ते आपलं मानायला शिकतं. तो काळ सरला की अनोळखी गोष्ट आधी भीतीच दाखवते. भुऱ्या अर्धवट बांधलेल्या इमारतीच्या स्लॅबखाली सापडला तेव्हा चार महिन्यांचा होता. शिवाय स्वभावाचा काही भाग आईबापांकडून येतो, तो कुणाच्याच हातात नसतो.

दुपारी 1

जेवण वाडग्यात नाही. जुन्या सुती साडीच्या पट्ट्यांत खाऊ गुंडाळून ठेवते. तो हुंगत, उलगडत अर्धा तास रमतो. नाकाला काम मिळालं की त्याचा श्वास संथ होतो. नंतर झोप. घाबरट कुत्र्याला सलग झोप मिळाली नाही तर संध्याकाळी त्याची किंमत मोजावी लागते, कारण भीती साठत जाते. सकाळी मिक्सर, दुपारी कुरिअरवाला, चार वाजता फटाका. यातल्या एकेकट्याला तो निभावून नेतो, तिन्ही एकत्र आले की चौथ्या क्षुल्लक गोष्टीला दात लागतात. लोक त्या चौथ्या गोष्टीलाच कारण समजतात.

दात लागले आहेत, म्हणून हे लिहिते आहे. गेल्या वर्षी एका कारागिराच्या मनगटाला तो चावला. जखम नळाच्या वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुतली. हळद नाही, तिखट नाही, चुना नाही, पट्टी आवळणं नाही. मग लगेच दवाखाना. स्नायूत टोचतात ती लस 0, 3, 7, 14 आणि 28 व्या दिवशी. सरकारी रुग्णालयांत त्वचेत देतात ती 0, 3, 7 आणि 28 व्या दिवशी. रक्त आलेल्या चाव्यात जखमेत इम्युनोग्लोब्युलिनही देतात. भुऱ्याला रेबीजची लस वेळेवर दिलेली होती, तरी तो माणूस डॉक्टरांकडे गेलाच पाहिजे होता, आणि कुत्र्यावर दहा दिवस नजर ठेवलीच पाहिजे होती. रेबीजची लक्षणं दिसू लागली की माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही. तिथे "आमचा घरचा कुत्रा आहे हो" या वाक्याला काही किंमत नाही. औषधपाणी, रोजगार बुडाला त्याची भरपाई आणि घरी जाऊन विचारपूस, हे आमचं देणं होतं. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेचं 291 वं कलम जनावराबाबतच्या हलगर्जीला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही सांगतं. पण कायदा नसता तरी मला हेच वाटलं असतं. माझ्या कुत्र्याची भीती खरी आहे. त्या कारागिराच्या मनात आता बसलेली भीतीही तितकीच खरी आहे, आणि त्याने ती मागितलेली नव्हती.

दुपारी 4

शाळेच्या बस येतात. आमचा अभ्यासाचा तास. गॅलरीच्या जाळीमागून खालची मुलं दिसतात, पुरेशी लांब. मूल दिसलं की उकडलेल्या चिकनचा तुकडा; मूल गेलं की खाऊ बंद. क्रम महत्त्वाचा: आधी मूल, मग चिकन. उलटं केलं तर कुत्रा चिकनलाच बिचकू लागतो. 1924 मध्ये मेरी कव्हर जोन्स यांनी सशाला घाबरणाऱ्या एका लहान मुलाची भीती याच मार्गाने घालवली होती. मुलाच्या आवडीचा खाऊ त्याच्या हातात, आणि ससा खोलीत दूर, मग हळूहळू जवळ.

मी मुलांकडे बघत नाही, भुऱ्याकडे बघते. झोप नसताना जांभई, खाणं नसताना ओठ चाटणं, तोंड फिरवणं, पुढचा पाय उचलून धरणं, डोळ्याची पांढरी कड दिसणं. नॉर्वेच्या टुरिड रुगास यांनी अशा खुणा लोकांना बघायला शिकवल्या. त्यापुढे अंग ताठ होतं, मग गुरगुर. वरच्या मजल्यावरचे काका म्हणतात, "गुरगुरला की दोन फटके द्या, सुधारेल." त्यांच्या काळजीचा मला आदर आहे, पण फटक्याने भीती जात नाही, सूचना तेवढी जाते. मग एक दिवस तो न गुरगुरता चावतो. भुऱ्या गुरगुरला की मी त्याला रागवत नाही. तिथून दूर नेते.

संध्याकाळी 7.30

गणपती तोंडावर आलेत. नदीकाठी ढोल-ताशा पथकांचा सराव चालतो आणि वाऱ्याची दिशा बदलली की ठोका थेट खोलीत येतो. खिडक्या बंद, पंखा पूर्ण वेगावर, रेडिओ. भुऱ्या पलंगाखाली जातो. मी जमिनीवर जवळ बसते. तो आला तर पाठीवर हात ठेवते. जवळ घेतल्याने भीती वाढते असं पुष्कळांना वाटतं. भीती ही शाबासकीने पक्की होणारी सवय नाही. आई देवघरात आरती म्हणतात, घंटा मात्र वाजवत नाहीत. हे त्यांनी आपणहून ठरवलं आणि मला त्याचं फार अप्रूप वाटतं.

रात्री 10.30

शेवटची छोटी फेरी सुहासची. तो परतला की आम्ही वहीत दोन ओळी लिहितो: आज कशाला घाबरला, किती अंतरावरून, किती वेळात सावरला. डॉक्टर हीच वही मागतात.

आजचा विषय दिवाळीचा. फटाक्यांच्या रात्रींसाठी वेगळं औषध लागणार, आणि ते त्याला मानवतं का हे एखाद्या शांत दिवशी आधीच पाहायचं असतं, म्हणून डॉक्टरांची वेळ या आठवड्यातच घ्यायची. लक्ष्मीपूजनाला भोरकडच्या मित्राच्या शेतावर जावं असं सुहासला वाटतं. मला पटतं. पण आधी तिथल्या राखणदारांशी बोलायला हवं: कुंपण किती उंच आहे, कोंबड्या मोकळ्या असतात का, त्यांची नातवंडं सुट्टीला येणार आहेत का. नातवंडं येणार असतील तर आम्ही पुण्यातच राहू.