सेंटिनेल पर्वतरांग : भौगोलिक स्वरूप आणि नामकरण

प्रस्तावना :
स्थलनाम हे सामान्यतः लोकवस्तीतून जन्मास येते. नदी, खिंड, शिखर यांना तेथे राहणारे लोक नाव देतात व पिढ्यान्‌पिढ्यांच्या वापराने ते रूढ होते. अंटार्क्टिका खंडास मात्र मूळ रहिवासीच नाहीत. मग तेथील पर्वतांना नावे कोणी व कशाच्या आधारे दिली? सेंटिनेल रांगेच्या उदाहरणातून या प्रश्नाचा विचार करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

भौगोलिक स्वरूप :
पश्चिम अंटार्क्टिकातील एल्सवर्थ पर्वताचे मिनेसोटा हिमनदीमुळे दोन भाग पडतात. दक्षिणेकडील भाग हेरिटेज रांग, तर उत्तरेकडील भाग सेंटिनेल रांग होय. सुमारे ७८° दक्षिण अक्षवृत्तावरील ही रांग जवळपास १८५ कि.मी. लांब असून तिची रुंदी २४ ते ४८ कि.मी. आहे. तिच्या पूर्वेस रटफोर्ड हिमप्रवाह आहे. खंडातील सर्वोच्च शिखर माउंट विन्सन (४,८९२ मीटर) याच रांगेत आहे.

नामकरण :
२३ नोव्हेंबर १९३५ रोजी लिंकन एल्सवर्थ यांना विमानातून या रांगेचे दर्शन घडले. हिमप्रदेशात उठून दिसणाऱ्या या रांगेस त्यांनी ‘सेंटिनेल’, म्हणजे पहारेकरी, हे नाव दिले. हे नाव पाहणाऱ्याच्या अनुभवातून आले. सर्वोच्च शिखराचा शोध १९५८ मध्ये लागला. त्यास अंटार्क्टिक संशोधनाचे पाठीराखे असलेले अमेरिकी लोकप्रतिनिधी कार्ल विन्सन यांचे नाव मिळाले. येथे नाव आश्रयदात्याचे आहे. पुढे बल्गेरियाच्या नामसमितीने वेरेगावा, डोयरान अशी स्वदेशातील स्थलनामे या रांगेतील कड्यांना व उंचवट्यांना दिली. येथे नाव मायभूमीचे आहे.

१९५९ च्या अंटार्क्टिक कराराने प्रादेशिक दावे स्थगित ठेवले. तथापि नावे देण्याचा अधिकार कोणा एका संस्थेकडे सोपविला नाही. प्रत्येक देशाची समिती नावे ठरविते आणि १९९२ पासून ती एका संयुक्त आंतरराष्ट्रीय नामसूचीत संकलित होत आहेत.

निष्कर्ष :
निर्मनुष्य प्रदेशातील नाव त्या भूमीपेक्षा नाव देणाऱ्याविषयीच अधिक सांगते. जेथे भूमीवर हक्क सांगता येत नाही, तेथे नाव ही उपस्थितीची खूण ठरते. म्हणून नकाशावरील नावे पाठ करून घेण्यापुरतेच अध्यापन मर्यादित न ठेवता, ती कोणी, केव्हा व कोणत्या अधिकाराने दिली हा प्रश्नही विद्यार्थ्यांपुढे ठेवणे अगत्याचे आहे.