डावात लबाडी झाली तर

जव्हार-मोखाड्यातली पोरंही आता मोबाइलवर खेळतात, म्हणून ही गोष्ट. १३ जून २०२१ ला कोरोनाच्या मदतीसाठी विश्वनाथन आनंद पाहुण्यांशी ऑनलाइन बुद्धिबळ खेळले. आमिर खानही होता. उद्योजक निखिल कामत मात्र चक्क जिंकले! दुसऱ्या दिवशी कबुली दिली, संगणकाची मदत घेतली होती. चेस डॉट कॉमने त्यांचं खातं बंद केलं. पण डाव गुणांकनाचा नव्हता, आनंदनाही वाद वाढवायचा नव्हता, म्हणून पुन्हा उघडलं. अशा ठिकाणी खेळाडूच्या चाली संगणकाच्या चालींशी ताडून बघतात. आपण बचत गटात पासबुक वहीशी ताडतो ना, तसंच. नुसत्या संशयावर सभासद काढत नाही आपण. तुमच्या मुलाचं खातं बंद झालं, तर ओरडण्याआधी आलेला संदेश त्याच्याकडून वाचून घ्या. चूक नसेल तर दाद मागता येते.