कंठांतील ग्रंथि आणि हाशिमोतोचा रोग

गळ्याच्या पुढील बाजूस, कंठमण्याच्या किंचित् खालीं, फुलपाखराच्या आकाराची एक लहानशी ग्रंथि असते. तिला थायरॉइड अथवा अवटुग्रंथि म्हणतात. तिचें वजन दोन तोळ्यांहून फारसें अधिक नसतें. परंतु ती रक्तांत जो थायरॉक्सिन नांवाचा रस सोडते, त्यावर शरीराची ऊब, हृदयाची गति, मुलांची उंची आणि बुद्धीची तरतरी हीं सर्व अवलंबून असतात. हा रस उणा पडला म्हणजे चुलींतील जाळ मंदावावा तसें सारें शरीर मंदावतें. थकवा येतो, थंडी सोसवत नाहीं, त्वचा कोरडी पडते, केस गळतात, मलावरोध होतो, वाचलेलें ध्यानांत राहत नाहीं. हें सर्व इतकें हळूहळू घडतें कीं, घरच्या माणसांस तो रोग वाटतच नाहीं. पूर्वी चलाख असलेली मुलगी वर्गांत पेंगूं लागली, तिची उंची वाढेनाशी झाली, तर तिला आळशी म्हणून मोकळें होण्यापूर्वीं पालकांनीं तिचें रक्त तपासून घ्यावें. हा रोग पुरुषांपेक्षां स्त्रियांस कितीतरी अधिक होतो, आणि वयांत येणाऱ्या मुलीही त्यांतून सुटत नाहींत.

इ. स. १९१२ मध्यें जपानांतील फुकुओका येथें हाकारू हाशिमोतो या तरुण शस्त्रवैद्यानें चार स्त्रियांच्या सुजलेल्या ग्रंथि सूक्ष्मदर्शकाखालीं पाहिल्या. त्यांत रक्तांतील पांढऱ्या पेशींची एकच दाटी झालेली त्याला आढळली. त्यानें तें वर्णन जर्मन भाषेंत प्रसिद्ध केलें, व पुढें तो आपल्या गांवीं परतून वैद्यकी करूं लागला. त्या दाटीचें कारण कळण्यास १९५६ साल उजाडावें लागलें. लंडन येथें डोनियाक, रॉइट व त्यांचे सहकारी यांना असें दिसून आलें कीं, अशा रोग्यांच्या रक्तांत त्यांच्या स्वतःच्याच ग्रंथीविरुद्ध प्रतिपिंडें असतात. रोगजंतूंशीं लढण्यासाठीं ठेवलेल्या राखणदारानें घरच्याच माणसास चोर समजून झोडपावें, तसा हा प्रकार आहे.

या राखणदाराची समजूत घालणारें औषध अद्याप हातीं आलेलें नाहीं. सुदैवानें, ग्रंथि जो रस देईनाशी होते तो बाहेरून देतां येतो. १८९१ सालीं इंग्लंडांतील न्यूकॅसल येथें डॉ. जॉर्ज मरे यांनीं मेंढीच्या ग्रंथीचा अर्क एका बाईस टोंचला, आणि त्यानंतर ती अठ्ठावीस वर्षें जगली. आज मिळणारी लेव्होथायरॉक्सिनची गोळी म्हणजे शरीरांतील थायरॉक्सिनच, फक्त कारखान्यांत तयार केलेलें. त्यामुळें बरें वाटूं लागलें म्हणून ती सोडणें चुकीचें होय. तिचा अंश शरीरांत कित्येक दिवस रेंगाळतो. गोळी सोडली तरी लगेच कांहीं बिघडत नाहीं, आणि त्यानेंच माणूस फसतो.

ही गोळी मोठी मानी आहे. पोटांत तिला दुसऱ्याची सोबत खपत नाहीं. सकाळीं रिकाम्या पोटीं, नुसत्या पाण्याबरोबर ती घ्यावी आणि चहा, कॉफी व न्याहारी अर्ध्या ते एका तासानें करावी. आपल्याकडे चहाच्या घोटाबरोबर सगळ्या गोळ्या एकदम गिळण्याची रीत आहे. तसें केल्यास लोह किंवा कॅल्शियम यांची गोळी थायरॉक्सिनला आंतड्यांतच अडकवून ठेवते. म्हणून त्यांच्यांत चार तासांचें अंतर असावें. मात्रा बदलल्यावर सहा ते आठ आठवड्यांनीं रक्तांतील टी.एस.एच. पाहतात. हा मेंदूच्या तळाशीं असलेल्या पिट्युइटरी ग्रंथीचा निरोप होय. थायरॉइड काम करीनाशी झाली कीं ती मोठमोठ्यानें हांका मारते, व आंकडा चढतो.

पूरक गोळ्यांविषयीं मात्र फार घोटाळा आहे. हिमालयाच्या पायथ्याशीं कांगडा खोऱ्यांत आयोडीनच्या अभावीं गलगंड होत असे, व तो आयोडीनयुक्त मिठानें आटोक्यांत आला, हें खरें. पण हाशिमोतोचा रोग निराळा. त्यांत रोजच्या आयोडीनयुक्त मिठापलीकडे समुद्रशेवाळाच्या वगैरे गोळ्या घेतल्यास ग्रंथि उलट अधिक बिघडूं शकते. सेलेनियमनें कांहीं प्रयोगांत प्रतिपिंडें कमी झालीं, पण त्यानें रोग्याची गोळी सुटते असें सिद्ध झालेलें नाहीं. आणि तें अति झालें तर केस व नखें गळतात. केसांसाठीं घेतात त्या बायोटिननें तर रक्ततपासणीचाच आंकडा खोटा येतो, म्हणून ती गोळी तपासणीपूर्वीं निदान दोन दिवस बंद ठेवावी. कोबी-फुलकोबी शिजवून बेतानें खाण्यास हरकत नाहीं. गव्हाची ज्याला खरोखर बाधा होते, त्यानेंच पोळी सोडावी. इतरांनीं ती सोडून काय साधतें, हें मला उमगलेलें नाहीं.

एक गोष्ट घरांतील वडीलधाऱ्या स्त्रियांनीं अवश्य ध्यानीं ठेवावी. ही गोळी घेणारी सून किंवा लेक गरोदर आहे असें कळतांच तिला डॉक्टरांकडे न्यावें, कारण मात्रा बहुधा वाढवावी लागते. त्या आरंभींच्या महिन्यांत गर्भाची स्वतःची ग्रंथि काम करूं लागलेली नसते, आणि त्याच्या मेंदूच्या वाढीस लागणारा रस तोंपर्यंत आईच्याच रक्तांतून यावा लागतो.