घटनापूर्व काळाचे वाचक इंग्रजी शब्द व त्यांचे मराठी प्रतिशब्द

इंग्रजी साधनांच्या आधारे मराठीत लेखन करणाऱ्या संशोधकास एक अडचण वारंवार येते. एखाद्या घटनेकडे नेणारा काळ दर्शविण्यासाठी इंग्रजीत 'ईव्ह', 'रन-अप', 'लीड-अप', 'प्रिल्यूड', 'थ्रेशोल्ड', 'ब्रिंक', 'काउंटडाउन' असे अनेक शब्द आहेत. मराठीत मात्र त्या सर्वांच्या जागी 'पूर्वसंध्या' हा एकच शब्द ठेवून मोकळे होण्याची प्रथा पडली आहे. निवडणुकीपूर्वीचे तीन महिने ही पूर्वसंध्या, आणि महायुद्धापूर्वीचे दशक हीही पूर्वसंध्याच! ही केवळ शैलीची हेळसांड असती तर तिची दखल घेण्याचे कारण नव्हते. परंतु या शब्दांत कालावधी, कार्यकारणभाव आणि तत्कालीन माणसांची जाणीव यांविषयीची विधाने दडलेली असतात, व भाषांतरात ती नकळत बदलतात.

'ईव्ह' हा शब्द सायंकाळवाचक 'ईव्हन' या शब्दाचे संक्षिप्त रूप होय. सणाचा आरंभ आदल्या सूर्यास्तापासून मानण्याची रीत ख्रिस्ती धर्माचारात ज्यू परंपरेतून आली. त्यामुळे नाताळची 'ईव्ह' ही नाताळच्या आधीची रात्र असूनही नाताळचाच भाग ठरते. आपल्याकडे वार सूर्योदयापासून मोजला जातो. तेव्हा 'पूर्वसंध्या' हा शब्द इंग्रजीवरून बेतला गेला तरी त्यातील सायंकाळ सणाच्या बाहेरच राहते. शिवाय संध्या ही प्रातःकाळीही असते, हा आणखी एक घोटाळा.

मराठी व्यवहाराने आदल्या दिवसासाठी सामान्य नाम घडविले नाही. मान्यवर सणांच्या आदल्या दिवसांना मात्र स्वतंत्र नावे दिली. संक्रांतीच्या आदल्या दिवशी भोगी असते. गोंदिया जिल्ह्यासारख्या धानाच्या मुलखात याचे अधिक बोलके उदाहरण पोळ्याचे आहे. श्रावण अमावास्येच्या आदल्या दिवशी बैलांच्या जुवाने घट्टे पडलेल्या खांद्यांना हळद व तूप चोळून ते शेकतात आणि बैलांना दुसऱ्या दिवशीच्या जेवणाचे आवतण देतात. या दिवसाला 'खांदमळणी' किंवा 'खांदशेकणी' म्हणतात. हा दिवस पोळ्याची वाट पाहण्याचा नव्हे. त्याला स्वतःचे कर्म आहे. 'ईव्ह' या शब्दाचा मूळ आशय ध्यानात घेतला तर 'पूर्वसंध्या' या बनविलेल्या शब्दापेक्षा 'खांदमळणी' त्याच्या अधिक जवळ जाते, मग ती सर्वत्र वापरता आली नाही तरी चालेल.

'रन-अप' हा खेळाच्या मैदानावरील शब्द. गोलंदाजाने चेंडू टाकण्यापूर्वी किंवा लांब उडी घेणाऱ्याने उडीपूर्वी घेतलेली धाव, असा त्याचा अर्थ. म्हणून त्यात वेग साठत जाण्याची कल्पना आहे. त्यासाठी सरसकट योजला जाणारा 'तोंडावर' हा शब्द अस्सल मराठी असला तरी त्याची छटा निराळी आहे. 'परीक्षेच्या तोंडावर आजारी पडला' या वाक्यात वेग नाही, अवेळ आहे. 'पावसाळ्याच्या तोंडावर घर शाकारायचे राहिले' यातही तीच धास्ती आहे. 'काउंटडाउन' हा शब्द अग्निबाणांच्या तंत्रातून रूढ झाला. १९२९ साली प्रदर्शित झालेल्या फ्रिट्झ लांग यांच्या चंद्रप्रवासावरील जर्मन चित्रपटात उड्डाणापूर्वीची उलटी गणती दिसते. तिथे क्षण ठरलेला असतो. निवडणुकीला ही उपमा शोभते, दुष्काळाला शोभत नाही.

'प्रिल्यूड'साठी 'पूर्वरंग' व 'नांदी' हे दोन्ही शब्द वापरले जातात. संस्कृत नाट्यशास्त्रात पूर्वरंग हा नाटकापूर्वीचा विधी आहे व नांदी हे त्याचे एक अंग आहे. मराठी कीर्तनात मात्र पूर्वरंग हा कीर्तनाचाच पूर्वार्ध असतो. निरूपणाचा विषय तिथे मांडला जातो आणि उत्तररंगातील आख्यान त्यावर उभे राहते. तेव्हा 'चळवळीचा पूर्वरंग' असे लिहिणाऱ्याने चळवळ सुरू झालेली आहे की नाही, हे ठरवून घेतले पाहिजे.

येथे शेतीची परिभाषा उपयोगी पडते. २५ मेच्या सुमारास सूर्य रोहिणी नक्षत्रात प्रवेश करतो, तेव्हापासूनचे नऊ दिवस विदर्भात 'नवतपा' म्हणून ओळखले जातात. ते जितके तापतील तितका पाऊस चांगला, असा लोकसमज आहे. म्हणजे हा काळ पावसाच्या केवळ आधीचा नसून पावसाचे कारण मानला जातो. त्यानंतर मृग लागतो, धुरे नीट करून ठेवलेले असतात, पऱ्हे टाकले जातात व तीन-चार आठवड्यांनी रोवणी होते. पऱ्हे आणि रोवणी यांतील काळ इंग्रजी 'लीड-अप'ला अक्षरशः लागू पडतो, कारण पहिल्यावाचून दुसरी होतच नाही. नवतप्याच्या बाबतीत जे समजुतीने मानले जाते, ते येथे प्रत्यक्ष आहे. कार्यकारणभाव मानलेला आणि कार्यकारणभाव सिद्ध झालेला, हा भेद इतिहासलेखकाने शेतकऱ्याकडून शिकावा असा आहे.

सर्वांत अवघड प्रश्न जाणिवेचा. गोंदिया जिल्हा भंडारा जिल्ह्यातून १ मे १९९९ रोजी वेगळा झाला. ३० एप्रिल १९९९ ला 'जिल्हानिर्मितीचा आदला दिवस' म्हणणे निर्दोष आहे, कारण उद्या काय होणार हे त्या दिवशी ठाऊक होते. पण २८ सप्टेंबर १९५३ चा नागपूर करार, १ नोव्हेंबर १९५६ रोजी भंडारा जिल्ह्याचा मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात झालेला समावेश व १ मे १९६० ची महाराष्ट्रस्थापना यांना कोणी 'गोंदिया जिल्ह्याच्या निर्मितीचा पूर्वरंग' म्हटले, तर १९५३ च्या माणसाच्या मनात १९९९ चा हेतू घातला जातो. 'प्रिल्यूड' हे नाव बहुधा मागाहूनच देता येते. 'ईव्ह' आणि 'काउंटडाउन' यांना मात्र घटनेची अगोदर कल्पना असावी लागते. अमेरिकेतील यादवी युद्धापूर्वीच्या दक्षिणेस 'अँटिबेलम' हे विशेषण लागले, तेही युद्ध होऊन गेल्यामुळेच.

म्हणून मूळ इंग्रजीत केवळ 'बिफोर' असेल तेथे मराठीत 'पूर्वी' एवढेच लिहावे. गोंदियाविषयीचे १९९९ पूर्वीचे महसुली व जनगणनेचे आकडे भंडारा जिल्ह्याच्या नावाखाली नोंदलेले आहेत. त्या आकड्यांवर 'विभाजनाच्या उंबरठ्यावरील गोंदिया' असे शीर्षक घालण्यापूर्वी नोंदीचे वर्ष तपासून पाहावे. उंबरठा ओलांडण्यास माणूस तेथवर आलेला असावा लागतो, आणि १९६१ च्या जनगणनेत गोंदिया हा भंडारा जिल्ह्यातील एक तालुका होता.