कोळ्यांच्या नकाशावर कोरपना शोधताना

घराच्या माळ्यावरची जळमटे झाडताना काडीसारख्या लांब पायांचा एक कोळी हमखास दिसतो. जाळ्याला धक्का लागला की तो अंग वेगाने हलवू लागतो. मादी अंड्यांचा पुंजका जबड्यात धरून वावरते. या कुळातील घरोघरी आढळणारी एक जाती म्हणजे ‘क्रॉसोप्रिझा लायोनी’. इंग्रज अभ्यासक जॉन ब्लॅकवॉल यांनी १८६७ मध्ये भारतातील नमुन्यांवरून तिचे वर्णन केले. आज ती जगभरच्या उष्ण प्रदेशांत पोहोचली आहे. डेंग्यू पसरविणारे डास ती खाते, हे थायलंडमधील १९९७ च्या अभ्यासाने दाखविले.

एखादी जाती कोठे आढळते, हे प्रामुख्याने संग्रहालयातील नमुन्यांवरून ठरते. अल्कोहोलमध्ये जतन केलेल्या नमुन्यासोबत ठिकाण, तारीख आणि संकलकाचे नाव लिहिलेली चिठ्ठी असते. त्या ठिकाणाचे अक्षांश-रेखांश निश्चित केले की नकाशावर एक बिंदू उमटतो. अडचण येते ती जुन्या चिठ्ठ्या वाचताना.

चिठ्ठीवर नुसते ‘चांदा’ लिहिले असेल, तर ते शहर समजावे की जिल्हा? जिल्हा धरला, तर १९८२ मध्ये वेगळा झालेला गडचिरोलीही त्यात येतो. कोरपना मात्र येईलच असे नाही. हा भाग पूर्वीच्या राजुरा तालुक्यातला. १९५६ पर्यंत तो हैदराबाद राज्यातील आदिलाबाद जिल्ह्यात होता; १९५९ मध्ये तो चांदा जिल्ह्याला जोडला गेला. त्यामुळे येथील त्यापूर्वीचा नमुना ‘आदिलाबाद’ या नावाखाली असू शकतो. संगणकाने तो बिंदू आदिलाबाद शहरावर टाकला, तर कोरपन्याचा कोळी तेलंगणात जाऊन बसेल! म्हणूनच संदिग्ध नोंदीसाठी बिंदूभोवती संभाव्य चुकीचे वर्तुळही द्यावे लागते.

नकाशावरील रिकामी जागा म्हणजे तेथे कोळी नाही, असे नव्हे. तेथून नमुना आला नाही, एवढाच तिचा अर्थ. याच कुळातील अनेक जाती घरांत नव्हे, तर जंगलात, दगडांच्या कपारींत आणि पालापाचोळ्यात राहतात. गडचांदूर परिसरात चुनखडीच्या खाणी आहेत. जमीन खोदली जाण्यापूर्वी नोंद झाली नाही, तर तेथे काय होते हे पुढे कोणालाच सांगता येणार नाही.

यावर उपाय साधा आहे. गाव, तालुका, जिल्हा, अक्षांश-रेखांश, तारीख आणि कोळी घरात सापडला की कपारीत, एवढे चिठ्ठीवर स्पष्ट लिहावे. जिल्ह्यांच्या सीमा उद्या बदलल्या, तरी अशी नोंद वाट चुकणार नाही.